मागं बघायचं न्हाई

कोल्हापुरात चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाईनसमोरच्या बसस्टॉपवर माझ्या शेजारी एक मावशी आणि त्यांची लंडनहून आलेली प्रोफेसर भाची बसल्या होत्या.

"क्रांती, मागं बघू नकोस."

"मावशी, उचगावची दुसरी बस गेली."

"जाऊ दे. चपलंचा दर जमला न्हाई म्हणून दुकानातनं उठून आलोय. त्यो हाक मारणार की."

"गिऱ्हाईक कसं वागतं हेच मी वीस वर्षं शिकवते. चार देशांतली दुकानं अभ्यासली. उठून गेलेल्याला कुणी परत बोलवत नाही."

"तिथं नसतील बोलवत. हितं बोलवत्यात."

"मावशी, तो दुकानदार पळत येतोय."

"बघ, म्हटलं न्हवतं? आता हसू नकोस."

"ओ मॅडम, पायातली चप्पल आमची हाय. तुमचे बूट दुकानातच राहिल्यात."

"अय्या, सॉरी. माझ्या लक्षातच आलं नाही. काढते हं."

"काढू नकोस, क्रांती. पावणं, आता बोला काय दर लावताय."

"काकू, बूट माझ्याकडं हायत. तुमीच बोला."

"आमी न्हाई बोलत."

"मग ऱ्हाऊ दे. मी चाललो."

"मावशी, तो खरंच चालला. हाक मारू का?"

"गप बस. दहा पावलांवर वळतोय बघ."

"मावशी, तो मागं बघतच नाहीय."

"शिकलेला दिसतोय."