माझ्याच विहिरीविरुद्धचा अर्ज

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मालिनीताई, मंचावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती भार्गवी कुंभोजकर मॅडम, नगररचना खात्यातले त्यांचे सहकारी, आमच्या तळेवाडीतून गाडी करून आलेली मंडळी आणि जमलेल्या बंधु-भगिनींनो,

मी हरिहर आगाशे. धंदा आंब्याचा, स्वभाव भांडखोर. निवृत्तीच्या निरोपाला बोलायला साधारणपणे ज्याचं काम झालं तो उभा राहतो. माझं काम झालं नाही, म्हणून तर मी हट्टानं ही पाच मिनिटं मागून घेतली! आणि मंचावर आज बाटल्यांऐवजी तांब्या-भांडं का, अशी जी कुजबुज चालली आहे, तिचा खुलासा शेवटी करतो. तोवर कृपया कोणी हात लावू नये.

बारा वर्षांपूर्वी आमच्या भागाच्या विकास आराखड्याचा कच्चा नकाशा प्रसिद्ध झाला. पिवळा रंग म्हणजे राहण्याची जागा, हिरवा म्हणजे शेती आणि मोकळं रान. बघतो तर वाडीच्या डोक्यावरचा सगळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पिवळा! वाडीचं धाबं दणाणलं आणि मी एकटा खूश. का? तर सड्यावर माझा तीन एकर कातळ, आणि तिथे बंगले बांधायला मुंबईचं गिऱ्हाईक तयार. हरकतींना मुदत तीस दिवसांची. वाडीनं लिहिलं, ‘घरे झाल्यास आमचा सडा जाईल, तरी सडा वाचवावा.’ मी लिहिलं, ‘पिवळाच ठेवावा.’

सुनावणीला समितीबरोबर मॅडम होत्या, कोल्हापूरहून नुकत्याच बदलून आलेल्या. तिकडे सडा म्हणजे अंगणात शिंपायचं शेणपाणी. वाडीचा अर्ज वाचून त्या मनापासून म्हणाल्या, “अहो, घरं झाली तर अंगणं वाढतील की! सडा जाईल कशानं?”

सगळी खोली हसली. मॅडम, तुम्हीही आज हसताय, तेव्हा मात्र लालबुंद झाला होतात. मग आमच्या गोदाकाकी उठल्या. “गो बाय, ह्यो सडा घालायचा नाय, चढायचा हाय. चल, मी दाखवतंय.”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नकाशात दिसतंय तेवढं पुरे. ह्या आल्या. भर श्रावणात, टाचेच्या चपला हातात घेऊन कातळ चढल्या. वर पाण्याचा पातळ थर कातळाच्या भेगांत मुरत होता. काकींनी त्यांना तिथून खाली नेऊन त्याच पाण्यावर भरणारी एकेक विहीर दाखवली. शेवटची, सड्याच्या अगदी पायथ्याची, माझी. मॅडमनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आगाशे, तुम्ही तर तुमच्याच विहिरीविरुद्ध अर्ज केलाय!”

एवढं चढून-उतरून घशाला कोरड पडलेली. काकींनी गूळ-पाणी पुढे केलं. त्या म्हणाल्या, “काकी, राग मानू नका. गावाचं प्रकरण माझ्यासमोर असेपर्यंत पाणीसुद्धा नको.” काकींना राग आलाच! दारातून माणूस कोरडा गेला, हे आमच्याकडे कोणाला सोसतं?

त्या दिवशी मला कायदा कळला. रंग जमिनीकडे बघून लावायचा, मालकाच्या खिशाकडे बघून नाही. मला एकट्याला सवलत देणार नाही, पण म्हणून कोणाचं चालतं काम उगाच बंदही पडणार नाही. आमचा सदू त्याची जुनी गिरण पिवळ्यात येते म्हणून रडकुंडीला आला होता. त्याला मॅडमनी समजावलं, “रीतसर चालू आहे ते चालू राहील. वाढवायचं झालं तर मात्र आधी विचारायचं.” गिरण अजून चालू आहे आणि सदू अजून पीठ जाडंच दळतो. त्याला कायद्यात उपाय नाही.

मॅडमनी अहवाल दिला, समितीनं मानला, वरून मंजुरी आली. सडा हिरवा झाला आणि मी लाल. दोन वर्षं मी ह्यांना नमस्कार केला नाही, खरं सांगतो. मग एका मे महिन्यात आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींनी तळ गाठला, आणि माझ्या विहिरीत कमरेइतकं पाणी! माझी पोरसवदा कलमं त्या पाण्यावर जगली. मी पायरीवर बसून स्वतःलाच शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन माफी मागितली. म्हटलं, आता तरी पाणी प्यायला या. तर म्हणाल्या, “तुमच्या गावाच्या आणखी दोन फायली आहेत की!” बारा वर्षं आमच्या गावाची कुठली ना कुठली फाईल ह्यांच्या टेबलावर होतीच. गावही आमचं तसलंच.

आज बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे हद्द ओलांडली असेल तर हरकती माझ्याकडे तीस दिवसांत द्याव्यात. सुनावणी आमच्या पडवीत होईल आणि सगळ्या मान्य होतील.

मॅडम, आज मे महिन्याची एकतीस तारीख. समोरच्या तांब्यातलं पाणी सकाळी माझ्या विहिरीतून काढलेलं आहे. पहिल्या रांगेत गोदाकाकी बसल्यात, वय वर्षं शहाऐंशी, पदराच्या गाठीला गूळ बांधून. सव्वासहा वाजून गेलेत, कचेरीची वेळ संपली. तुमच्या टेबलावर आता आमची एकही फाईल नाही.

घ्या, पाणी घ्या.