कपबशीचा आवाज

शाळा मंडळाचे चार वेळा निवडून आलेले एक सदस्य मतदानाच्या रांगेत उभे होते. पुढेच मंडळात चहा देणाऱ्या बाई नणंदेशी बोलत होत्या. त्यांनी मागे पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुमचे ते मंडळातले साहेब परत निवडणुकीला उभे राहिलेत? करतात तरी काय तिथे?"

"डुलक्या काढतात. ठरावाला हात वर करायची वेळ आली की मी मुद्दाम कपबशी वाजवते, मग जागे होतात."

"आणि मत त्यांनाच देणार?"

"बायको गेल्यापासून बोलायला माणूस नाही हो त्यांना. बैठकीला तासभर आधीच येऊन बसतात, इस्त्रीचा शर्ट घालून. कसं पाडायचं?"

रांग सरकली. बाईंनी सहज मागे पाहिलं.

"अगंबाई, साहेब तुम्ही. पुढे व्हा ना, रांगेत कशाला?"

"राहू दे. घरी कोण वाट बघतंय."