राणीच्या खोलीतल्या कड्या

...म्हणजे खोली तिसऱ्या बुरुजाजवळ होती की चौथ्या, ते मला विचारू नका, माझी खात्री नाही. पण किल्ल्याचं हॉटेल केलेलं होतं एवढं नक्की, कारण जो दरवाजा हत्तींना अडवायला बांधला तिथे मला अडवून बॅग तपासत होते, आणि तुम्हाला सांगतो, ज्या किल्ल्यावर आपण पीएच.डी. केली तिथेच आपले मोजे बाहेर काढून दाखवायची वेळ येते तेव्हा... असो.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने तिथलं दोन दिवसांचं बुकिंग करून दिलं होतं. वर तंबी, "बाबा, आईला राणीच्या खोलीत राहायचंय. तिथे शिकवायला लागू नका." मी कशाला शिकवतोय?

शिकवायला लागला तो मॅनेजर. "सर, हे राणीसाहेबांचं शयनगृह." बायको खिडकीपाशी दगडावरून हात फिरवत उभी, चेहरा असा की आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत शिरताना होता तसा... होता बहुतेक, खात्री नाही. आणि मला वर भिंतीत लोखंडी कड्या दिसल्या. आता कड्या दिसल्यावर माणूस गप्प कसा बसणार? म्हटलं, "अहो, या घोडे बांधायच्या. हा तबेला होता."

"सर, हे शयनगृहच, अशी कुणा अभ्यासकाची नोंद आहे. जुनी."

"मग त्या अभ्यासकाला राणी आणि घोडा यांतला फरक कळत नसावा." हे मी म्हटलं. याची खात्री आहे, दुर्दैवाने.

बायको हळूच म्हणाली, "अहो, कड्या छताला टेकल्यात. घोडा एवढा उंच असतो का?" त्यावर मी पाऊण तास बोललो: पूर्वी जमीन वर असणार, मग खणली असणार... शेवटी तीच मॅनेजरला म्हणाली, "दुसरी खोली द्या. यांना इथे झोप लागायची नाही."

दुसरी खोली नव्या इमारतीत. पांढऱ्या भिंती, खिडकीतून पार्किंग. तिने पडदा ओढून घेतला. मला वाटलं, मी जिंकलो.

सहा वर्षांनी कपाट आवरताना माझा प्रबंध सापडला. विषय किल्ल्याची पाणीव्यवस्था, त्यामुळे राणीची सोय तळटीपेत. पान दोनशे चौदा: 'छतालगतच्या कड्या राणीच्या शयनगृहातील झोपाळ्याच्या असाव्यात.' तो अभ्यासक मीच.

तसाच स्वयंपाकघरात गेलो. "अगं, तुला हे ठाऊक होतं?"

"टाइप कुणी केलं? तीनदा केलं. 'असाव्यात' की 'आहेत', तुमचं ठरत नव्हतं."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"परक्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडून मला त्या खोलीत झोप लागली असती?"

लगेच हॉटेलात फोन लावला. म्हटलं, राणीची खोली हवी, बायकोला दाखवायचीय.

"तशी खोली नाही, सर. तो तबेला होता. एका मोठ्या इतिहासतज्ज्ञांनी स्वतः येऊन सांगितलं, तेव्हा पाटी बदलली. आता तिथे व्यायामशाळा आहे."

मी विचारलं, "नक्की तबेलाच?"

"शंभर टक्के खात्री आहे, सर."