फोनातला साडू

...आन परत आलाच की ह्यो! आता तुमीच सांगा, मानसानं नुसता पूल बी वलांडायचा न्हाय का? जनावरं दमल्याली, एक तर लंगडतंय, मी आपला गपगुमान गावाकडं निघालोय, आन पुलाच्या मधोमध ह्यो उभा! केस वर, मान तिरकी... "काय शहाजी, अजून हितंच व्हय?" इंग्रजीत बोलतोय हो, पन टोमना कुठल्या बी भाषेत कळतोय की!

आवो, खेळातला म्हनतोय मी, फोनातला! राक्षस पकडायचे, पाळायचे, दुसऱ्याच्या राक्षसासंगं झुंजवायचे, असला खेळ. टेंभुर्णीला सासरवाडीला गेलतो, तवा मेव्हण्यानं आमा दोघा जावयांच्या फोनात घालून दिला. मैंदर्गीच्या माळावर मेंढरं चरायलीत, म्हनून बसल्या बसल्या उघडला, तर सुरवातीलाच इचारतोय, तुझ्या वैऱ्याचं नाव काय ठेवू? तुमाला सांगतो, इच्यार करावाच लागला न्हाय. सिद्धराम! माझा साडू, पूनमच्या थोरल्या बहिणीचा नवरा!

का म्हंजे? मी साधी फटफटी घेतली, की त्यानं मोठी धडधडनारी घेतली. मी मेंढा आनला, की त्याच्या दारात त्याहून दांडगा! आन फोनातला बी तसलाच निघाला. मी आगीचं पिल्लू निवडलं, तर मागनं येऊन त्यानं बरोब्बर पान्याचं उचललं! आधी मला निवडू देतोय, मंग बघून घेतोय... सिद्धरामच की हो!

त्यात रविवारी टेंभुर्णीला मेव्हण्याच्या पोरीचं जावळ. तितं थोरला जावई म्हनून पयला फेटा त्याला, पयलं ताट त्याला, आन मी शेजारी बसून हसायचं. दर वक्ताला हसायचं! गाल दुखत्यात माझे! म्हनलं, त्याच्या आधी एकदा, फकस्त एकदा, फोनात का हुईना, ह्याला उताना पाडायचा. कुनाला सांगनार न्हाय. पन मांडवात बसताना आतनं बरं वाटंल की!

पन आमची खोड! कळप चालवताना बारकं कोकरू, लंगडी मेंढी पुढं घालायची, तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं, हे बानं शिकवल्यालं. मी खेळात बी तसंच केलं. आन तितं जो पुढं, त्योच पयला झुंजतोय म्हनं! माझी लंगडी पुढं, समोर त्याचा पान्याचा रेडा. एक फवारा... आडवी! मेव्हणा फोनवर वरडतोय, "दाजी, दांडगं पुढं घाला, बारकी पेटीत कोंडा!" कोंडा? जित्त्या जनावराला पेटीत कोंडून भाकर गोड लागंल का मला?

मंग काय, गुहेत शिरलो, आलाच की ह्यो! बोटीत बसलो, तितं बी आलाच की ह्यो! "जा, जनावरांना आराम दे जा!" आवो, आराम द्यायलाच निघालतो ना मी! सोड की वाट! शेवटी उठून माळावर वरडलो, "सिद्धराम, तुला लोळवतोच आज!" मेंढरं बुजली. आन मागं पूनम, भाकरी घेऊन उभी. "आवो, काय वाकडं केलंय माझ्या दाजींनी तुमचं?"

तर रविवार उजाडला, आन मी हरल्यालाच. गेलो मांडवात. बघतोय तर सिद्धराम कोपऱ्यात, फेटा मांडीवर, मटनावर तेल थिजल्यालं, डोस्कं फोनात. अगदी रडकुंडीला आलता गडी! आन पुटपुटायलाय काय? "लई माजलाय ह्यो शहाजी..."

मी वाकून बघितलं. त्योच पूल. त्योच केस वर, मान तिरकी. आन नाव? माझं! माझंच की हो!

म्हनलं, "साडूभाऊ, कितींदा हरवलं मी तुमाला?"

"मोजलं न्हाय," म्हनला, "जाईल तितं आडवा येतोस लेका!"

तुमाला सांगतो, ऊर भरून आला माझा! पूनम वाढायलीती, माझ्या ताटापाशी आली तवा हळूच म्हनलं, "आगं, मी दाजींना हरवलं! गुहेत, बोटीत, सगळीकडं! फकस्त... तितं मी नव्हतो."

ती माझ्या ताटात रस्सा वतत म्हनली, "म्हनून तर जिंकला. तुमी असता तर लंगडी पुढं घातली असती की!"