तंबूचं परमिट आणि माझं मौन

...म्हणजे आता तळ्याकाठी पाठ टेकायलासुद्धा परमिट! हसताय काय, खरंच सांगते तुम्हाला. पोल टॅक्स लावून सगळ्यांची डोकी मोजून झाली होती, पाठ तेवढी राहिली होती, आता तिच्यावरही फी! इतकी वर्षं आम्ही ग्लासगोहून वर त्या लॉकवर, त्या तळ्यावर जातोय... नाव नाही सांगणार, नाहीतर पुढच्या जुलैत तुम्ही सगळे तिथे! तर इतकी वर्षं जातोय. सरकारी जागा, वर देवाचं आभाळ, त्यातून अखंड पडणारा देवाचा पाऊस. गाडी लावा, तंबू ठोका, भिजा, परत या. कोणी काही विचारायचं नाही. आणि यंदा बघतो तर काय, काठावर ही एवढी हिरवी पाटी! आधी गावातल्या दुकानातून परमिट काढा, तंबूमागे रात्रीची फी भरा, माणसं किती ते लिहा आणि तो कागद तंबूच्या दाराशी टांगा. का? तर लोक कचरा करतात, झाडं तोडून शेकोट्या पेटवतात. करतात हो, मी कुठे नाही म्हणतेय? गेल्या वर्षी मी स्वतः पिशवीभर बिअरचे डबे उचलले होते. पण म्हणून भिजायची फी? पाऊस काय कौन्सिल पाडतं?

बरं, फी घ्या, परमिट द्या, पण तपासायला माणूस कधी पाठवाल? मी जेवत असताना? तिथेच सगळा घोळ झाला. कारण मी आपली गप्प!

आता मी आणि गप्प, म्हणजे तुम्हाला खरं वाटायचं नाही. माझ्या आईलाही वाटलं नाही. त्याचं असं झालं, आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरला. कोणी कांदालसूण सोडतं, कोणी वांगं सोडतं, मी यंदा बोलणं सोडलं. अहो, पूर्ण नाही! देव इतका निर्दय नाही. जेवताना फक्त. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खूण नाही. काष्ठमौन! तोंडातून अक्षर गेलं की पान तिथेच सोडायचं, ते दुसऱ्या दिवशीच जेवायचं. ठाण्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणते, "मधू, झेपेल असं काहीतरी धर गं. वांगं सोड." जन्मदाती आई बरं का!

पण मागणं तसंच मोठं होतं. आमचे हे आणि आमची रश्मी, बाप आणि लेक, ईस्टरपासून बोलत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. हे तिला गाडी शिकवायला घेऊन गेले. आता हे भूलतज्ज्ञ, म्हणजे यांच्या पेशंटनं यांना उलट उत्तर असं कधी दिलेलंच नाही. आणि ही पोरगी शुद्धीवर! राउंडअबाउटवर हे "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!" करून ओरडले, तिनं खरंच ब्रेक लावला, किल्ली काढली, दार उघडलं, खाली उतरली आणि चालत घरी आली. किल्लीसकट! हे राउंडअबाउटच्या मधोमध, डाव्या सीटवर, पट्टा बांधलेले. मागे बारा बस. झालं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. "तिला सांग, फोन ठेव म्हणावं." "आई, त्यांना सांग, मी उशिरा येणार." एकाच टेबलावर समोरासमोर बसून! आणि मधे मी, टेलिफोन एक्स्चेंज. ऑक्टोबरात ती अ‍ॅबर्डीनला युनिव्हर्सिटीत जाणार. अशी न बोलता घराबाहेर पडली तर मग बोलायचं कधी? तिच्या लग्नात? तेही मीच सांगायचं, "अहो, ती म्हणतेय, पाया पडते"? म्हणून देवाला म्हटलं, माझं बोलणं घे, पण यांना बोलतं कर.

मनात हाही विचार होता, की जेवताना एक्स्चेंजच बंद पडलं तर बोलतील एकमेकांशी. कसले बोलतात! दोघांनी पंधरा दिवस कोरडा भात खाल्ला, पण "वरण इकडे दे" कोणी म्हणालं नाही. मी म्हटलं, चालायचंच, देवाला काय एकच घर आहे? लॉकवर गेलो की होईल काहीतरी. मोकळी हवा लागली की माणूस मोकळा होतो.

तर पोचलो. पाऊस होताच. यांनी दुकानातून परमिट आणलं, माझ्या हातात दिलं, "नीट ठेव," म्हणाले आणि गाडीत जाऊन पेपर उघडून बसले. रश्मी तंबूत, कानात वॉकमन. आता नवा कागद घरात आला की मी काय करते? देवापुढे ठेवते, कुंकू लावते. घराचे कागद, हिच्या परीक्षेचे निकाल, गाडीचा इन्शुरन्स, सगळ्यांना लावलंय, तुम्ही पण लावता, मान हलवू नका! माझे प्रवासातले देव शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात असतात, वर किल्ल्याचं चित्र आहे तो डबा. त्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शेजारी परमिट. कुंकू लावलं, नमस्कार केला, म्हटलं, पाऊस थांबला की टांगू, आत्ता शाई फुटेल. डबा गेला तांदळाच्या पिशवीत. मग ताट वाढून घेतलं, तंबूच्या पडवीत बसले, चित्राहुती घातली आणि घेतला पहिला घास.

आणि समोर हिरवा कोट, हिरवी टोपी. रेंजर! "लव्हली डे," म्हणाला. टोपीवरून पाणी गळत होतं बिचाऱ्याच्या. "तंबूवर परमिट दिसत नाही. आहे का?"

आणि मी? मी आपली गप्प.

त्यानं परत विचारलं. हळू आणि मोठ्यानं, इथले लोक आपल्याशी बोलतात ना तसं. "पर... मिट?" मी घास गिळला आणि दुसरा घेतला. एवढ्यात मिजेस आल्या. तुम्हाला माहीतच आहेत त्या, डास नव्हेत, डासांची नातवंडं! डोळ्यात, नाकात, कानात. मी डावा हात फिरवायला लागले, तर त्याला वाटलं मी त्याला हाकलतेय. बिचारा दोन पावलं मागे सरला. म्हणून मी हात थांबवला, तर मिजेस कपाळावर. डोळ्यांनी पिशवीकडे बघितलं. मग मनात आलं, डोळे फिरवणं खुणेत धरतात का गं बाई? आता तिथे लॉककाठी कोणाला विचारू? ठेवले डोळे ताटावर.

तेवढ्यात रश्मी बाहेर आली. "शी इज नॉट अलाउड टु स्पीक," म्हणाली. बरं, एवढंच म्हणाली! पुढे काही सांगावं की नाही? रेंजरचा चेहरा बदलला. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग गाडीत पेपर वाचत बसलेल्या यांच्याकडे बघितलं... आणि कोटाची बटणं लावत तरातरा गाडीकडे गेला. काचेवर टकटक केली. "सर, तुम्ही तुमच्या बायकोला बोलायला बंदी केलीय?"

अहो, यांचं तोंड बघायला हवं होतं! "मी? बंदी? हिला?" तीनदा म्हणाले. मग उतरले, तेही पावसात, छत्रीशिवाय. "यू नो, वीस वर्षं मी प्रयत्न करतोय..." आणि थांबले. काय प्रयत्न करत होते ते मला अजून कळलेलं नाही. विचारणार होते तेव्हाच, पण मी आपली गप्प!

मग रेंजरनं परमिट मागितलं, तसे हे माझ्यापुढे येऊन उभे. माझ्याच हातात दिलं होतं, ते साफ विसरलेले! "अगं, तिला विचार, परमिट पाहिलं का." मी वरणभात कालवला. रश्मी आपल्या ग्लासगोच्या मराठीत म्हणाली, "आई, त्यांना सांग, माझा काही चूक नाही, तो परमिट त्यांच्याकडे होता." मी बटाट्याची भाजी घेतली. एक्स्चेंज बंद! मग यांनी काय करावं? सरळ रेंजरकडे वळले. "प्लीज आस्क माय डॉटर, तिनं ते कुठे टाकलं का."

"टेल हिम," ही म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही."

रेंजर एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. माझ्या जागी परका माणूस बसवला हो! शेवटी तो म्हणाला, "सर, ती तुमच्या बुटावर पाय देऊन उभी आहे. तुम्हीच विचारा ना. आणि परमिट नसेल तर मला तंबू उतरवायला लावावा लागेल. आत्ता."

झालं! आत्ता म्हटल्याबरोबर हे भडकले. "ही सगळं हरवते!"

"मी? बाबा, तुम्ही स्वतःचा चष्मा शोधता, तो डोक्यावर असतो!"

"आणि तू मला राउंडअबाउटवर टाकून गेलीस!"

"तुम्ही ब्रेक म्हणालात! मी ब्रेक केला!"

"किल्ली का नेलीस पण?"

"मला राग आली होती!"

"मागच्या बसचा ड्रायव्हर मला काय म्हणाला माहितीये?"

"काय म्हणाला?"

यांनी सांगितलं. इथे नाही सांगत मी, समोर मुलं आहेत. पण रश्मी फिस्सकन हसली. हे बघत राहिले आणि मग हेही हसले. पावसात! आणि इकडे मी, तोंडात घास, डोळ्यांत पाणी. म्हटलं, देवा, ऐकलंस रे बाबा ऐकलंस... पण मोठ्यानं नाही, कारण ताटात अजून ताकभात होता.

मग दोघांनी मिळून गाडी उलटी केली, डिकी, सीटखाली, माझी पर्ससुद्धा. "आई महत्त्वाच्या वस्तू कुठे ठेवते?" हे म्हणाले. आणि दोघं एकदम, "देवाजवळ!" तांदळाची पिशवी उपसली. डबा उघडला. बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा निघाली आणि परमिट निघालं... कुंकवासकट. ओल्या हवेनं ते असं पसरलं होतं, की तारीख गेली, सही गेली, माणसं किती तेही गेलं. रेंजरनं दोन बोटांत धरलं. "इज धिस ब्लड?"

"नो, नो," हे म्हणाले, "धिस इज माय वाइफ."

बिचारा भला माणूस. म्हणाला, फी भरलीय हे कळतंय मला, पण वाचता येत नाही ते परमिट चालत नाही. दुकानातून दुसरं लिहून आणा, तोवर मी तंबूपाशी थांबतो. आता गाडी कोण चालवणार? मिजेस चावून यांचा उजवा डोळा सुजून बंद झालेला! रश्मीनं न विचारता एलची पाटी गाडीला लावली. हे डाव्या सीटवर बसले, पट्टा बांधला, डोळे मिटले... म्हणजे उरलेला एक. आणि गेली गाडी त्या एवढ्याशा रस्त्यावरून. खिडक्या उघड्या, आतून दोघांचं भांडण. डोंगराआड जाईपर्यंत ऐकू येत होतं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही!

मी ताकभात संपवला, हात धुतले आणि पहिलं काय केलं, तर तोंड उघडलं. समोर होता एकटा रेंजर. त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि चातुर्मास म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. ती दोघं परत येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही हो. एवढा सज्जन माणूस!

तर झालं आमचं मागणं पुरं. परमिट टांगलं, तंबू राहिला, लेक बोलली, बाप बोलला. आणि असे बोलायला लागले की विचारू नका. गाडीवरून बोलायचे, बातम्यांवरून बोलायचे, जेवताना वरण माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जायचं. देव देतो तेव्हा माप बघत नाही, हेच खरं. आता रश्मी अ‍ॅबर्डीनला गेलीय. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. मी आधीपासून फोनजवळ खुर्ची घेऊन बसते, काय काय सांगायचं ते सगळं मनात जुळवून. पहिल्या घंटीला उचलते. "हॅलो, रश्मी?"

"हाय आई! तू बरी आहेस ना? बाबा आहेत का?"

आहेत, म्हटलं. देते.