घरची घडी

नणंद : मग हा शर्ट कुणाचा, तेवढं सांग.

भावजय : असेल कुणा गिऱ्हाइकाचा, वन्सं. ठेवा इकडे, इस्त्री तापलीय.

नणंद : गिऱ्हाइकाच्या बाह्या आपण पाठीमागे दुमडतो. छातीवर दुमडतो त्या फक्त घरच्यांच्या. आईनं लाँड्री काढली तेव्हापासूनची पद्धत आहे ही. माझा भाऊ गेल्यापासून तशी घडी इथं पडली नाही. आणि आज हॉस्पिटलच्या चादरींच्या गठ्ठ्यात हा निघाला.

भावजय : चुकून पडली हो. हाताला सवय.

नणंद : सवय नवऱ्याच्या शर्टाची. हा कुणाचा? मी वॉर्डात जाऊन विचारलं. नर्स म्हणाली, खिडकीजवळच्या पेशंटचा. तुमची भावजय रोज सकाळी येऊन भरवते ना, त्याचा. गेले बघायला. अर्धं अंग लुळं पडलंय, तरी ओळखलं मी. कोर्टात त्याच्याकडेच तर बघत बसायचे.

भावजय : मी सांगणारच होते तुम्हाला.

नणंद : कधी? दारू पिऊन ट्रक घातला त्यानं आपल्या माणसावर. शिक्षा भोगून सुटला, ते सोड. पण तू त्याला घास भरवतेस? लाज वाटत नाही?

भावजय : त्याचं कुणी येत नाही, वन्सं.

नणंद : आणि आपलं कोण उरलंय? त्या चर्चमधल्या बायांनी डोक्यात भरवलं असेल. बाप्तिस्मा घेतलास तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

भावजय : कुणी काही भरवलं नाही. त्यांच्याबरोबर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला गेले, तर समोर हा. आल्या पावली बाहेर पळाले. बाकावर बसून येशूशी भांडले. म्हटलं, तुझ्याकडे शांती मागायला आले होते, आणि तू हे दाखवतोस?

नणंद : मग? काय म्हणाला तुझा येशू?

भावजय : काही नाही. दारातून दिसत होतं, ताट समोर होतं आणि त्याचा हात पोचत नव्हता. मी उठले. इतकी वर्षं सकाळी डोळे कशाला उघडायचे तेच कळायचं नाही मला. आता कळतं.

नणंद : वा. माझ्या भावाच्या जिवावर तुला जगायला कारण मिळालं.

भावजय : तसं म्हणा हवं तर.

नणंद : आणि तू कोण, ते ठाऊक आहे त्याला?

(भावजय इस्त्री उभी करून ठेवते.)

भावजय : ताई म्हणतो. चर्चमधली कुणी समजतो. कोर्टात मान वर करून बघितलंच नव्हतं त्यानं आपल्याकडे.

नणंद : म्हणजे नाही सांगितलंस.

भावजय : धीर होत नाही.

नणंद : मग कसली गं ही क्षमा? त्याला पत्ताच नाही, आणि तू आपली पुण्य गोळा करतेस. मी त्याला शिव्याच देईन, पण मी कोण ते सांगून देईन.

भावजय : खरं आहे.

नणंद : काय खरं आहे?

भावजय : तुम्ही म्हणता ते. प्रार्थनेत रोज इथंच अडते मी. मग दुसरंच काहीतरी मागून उठते. आज सांगते त्याला. तुम्ही चला बरोबर.

नणंद : मी? मेले तरी माफ करणार नाही मी त्याला.

भावजय : नका करू. आतही येऊ नका. दाराशी उभ्या राहा फक्त. मी मागे फिरले, तर मला आत ढकला.