दोन रंग आणि एक बांध

आमच्या हॉलमधलं माझं चित्र पाहिलंय ना तुम्ही? एक हिरवा चौकोन, एक पिवळा, मधून लाल पट्टा. तो पट्टा कुठे बसवायचा यात माझे तीन महिने गेले, आणि बघणारे दोन मिनिटं थांबत नाहीत.

दिवाळीत श्रीगोंद्याहून थोरले मामा सावेडीला आले. चहा निवला तरी चित्रापुढून हलेनात. मी म्हटलं, "मामा, यात काही शोधू नका. नुसते आकार आणि रंग बघा."

"तेच बघतोय. हिरवा आमचा ऊस. पिवळं धाकट्याचं रान. लाल हाय तो बांध."

त्याच बांधावरून दोघं भाऊ नऊ वर्षं बोलत नाहीत.

आठवड्यानं धाकटे मामा आले. मी मुद्दाम थोरल्यांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं.

"बांध बरोबर जागी हाय," ते म्हणाले. "पन हिरवं आमचं."

मी हे फोनवर थोरल्यांना कळवलं. परवा दोघं एकाच जीपमधून आले. थोरल्यांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजू वितीनं मोजल्या, धाकट्यांनी मान डोलावली. मला भरून आलं. त्या पट्ट्याची जागा इतकी मनापासून कुणाला पटलीच नव्हती.

मग थोरले मामा वाकले आणि खालचा कोपरा न्याहाळत म्हणाले, "ही सही कुनाची?"

"माझी."

"तुझी काय करायची? तलाठ्याची पायजे."